३५ च्या खाली

केमोची सहावी सायकल संपते त्या दिवशी डे-केअर वॉर्डात कुणी पेढे वाटतं, कुणी सिस्टरच्या हातात घरून आणलेला डबा ठेवतं. घरी परतल्यावर शेजारपाजारचे येऊन म्हणतात, "सुटलीस एकदाची." आणि नेमकं तिथून पुढे बाईला धास्ती वाटायला लागते. गेले चार-पाच महिने दर तीन आठवड्यांनी कुणीतरी तिचं रक्त तपासत होतं, वजन बघत होतं, शिरेतून औषध देत होतं. आजाराविरुद्ध काहीतरी चालू आहे, एवढा तरी आधार होता. आता हातात उरते ती फाईल आणि तिच्यावर लिहिलेली तीन महिन्यांनंतरची तारीख.

अंडाशयाचा कॅन्सर बहुतेक बायकांमध्ये तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात सापडतो. तोवर तो अंडाशयाबाहेर पडून पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलेला असतो. ऑपरेशन आणि कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलची केमो यांना तो सुरुवातीला चांगली दाद देतो. स्कॅन स्वच्छ येतो, पोटातलं पाणी जातं, भूक परत येते. तरीही एवढ्या उशिरा सापडलेल्या दहा जणींपैकी साधारण सात जणींमध्ये तो पुन्हा डोकं वर काढतो, आणि तेही बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत. पहिल्याच टप्प्यात सापडला असेल तर हे प्रमाण पुष्कळ कमी असतं. हे वाचायला जड जातं, पण केमोनंतरच्या देखरेखीचा सगळा विचार यावरच उभा असल्यामुळे ते टाळून पुढे जाता येत नाही.

अमेरिकी विनोदी अभिनेत्री गिल्डा रॅडनर हिला ऑक्टोबर १९८६ मध्ये हा आजार निघाला. उपचार संपले, ती बरी झाल्याचं जाहीर झालं आणि मार्च १९८८ मध्ये 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचा हसरा चेहरा झळकला. पुढे आजार उलटला आणि मे १९८९ मध्ये ती गेली. तेव्हा ती ४२ वर्षांची होती. अभिनेत्री मनीषा कोईरालाचं उदाहरण आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. २०१२ च्या अखेरीस निदान, न्यूयॉर्कमध्ये मोठं ऑपरेशन, मग केमो, आणि २०२४ मध्येही ती 'हीरामंडी'त पडद्यावर दिसली. या दोघींच्या निदानांमध्ये सव्वीसेक वर्षांचं अंतर आहे, त्या काळात औषधं आणि शस्त्रक्रिया दोन्ही बदलल्या, शिवाय एका बाईच्या आजारावरून दुसरीचं भविष्य सांगता येत नाही. पण केमो संपल्याच्या दिवशी कुठल्याही बाईसमोर या दोन्ही शक्यता असतात. आपली वाट कुठली, हे लवकर कळावं असं तिला वाटणारच. त्या इच्छेला गेल्या चाळीस वर्षांत एका रक्ततपासणीचा आधार मिळाला आहे: सीए-१२५.

ही तपासणी बोस्टनमध्ये जन्माला आली. रॉबर्ट बास्ट आणि त्यांचे सहकारी अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशींना नेमकं चिकटणारं प्रतिपिंड शोधत होते. बरेच प्रयत्न वाया गेल्यावर १२५ व्या क्रमांकाचं प्रतिपिंड कामाचं ठरलं. १९८१ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं आणि त्या क्रमांकावरूनच तपासणीला नाव मिळालं. १९८३ मध्ये याच गटाने रक्तातल्या पातळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८८८ निरोगी माणसांपैकी जेमतेम एक टक्का लोकांमध्ये ती ३५ च्या वर होती, तर अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या १०१ जणींपैकी ८३ जणींमध्ये. आजार वाढला की आकडा वाढायचा, आजार हटला की उतरायचा. आज रिपोर्टवर 'नॉर्मल: ३५ पर्यंत' असं जे छापलेलं असतं, त्याचं मूळ या अभ्यासात आहे.

केमो चालू असताना हा आकडा फार उपयोगी पडतो. हजारावरून शंभरावर, शंभरावरून विसावर उतरत गेला की औषध लागू पडतंय हे डॉक्टरांना आणि घरच्यांनाही दिसतं. अडचण सुरू होते ती नंतर. सीए-१२५ हे पोटाच्या, छातीच्या आणि गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशींवरही असणारं प्रथिन आहे. त्या अस्तराला कशानेही त्रास झाला की ते रक्तात वाढतं: एंडोमेट्रिओसिस, यकृताचा सिरॉसिस, हृदय कमजोर होऊन साठलेलं पाणी, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन. भारतात यात पोटाच्या क्षयरोगाची भर पडते. त्यात पोटात पाणी होतं, वजन उतरतं आणि हा आकडा कित्येक शेकड्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे चित्र थेट कॅन्सरसारखं दिसतं. उलट काही जणींच्या गाठी हे प्रथिन फारसं तयारच करत नाहीत. ज्या बाईचा आकडा निदानाच्या वेळीही वाढलेला नव्हता, तिला पुढे तो नॉर्मल आल्याचा दिलासा मानता येत नाही. आणखी एक साधी गोष्ट म्हणजे वेगवेगळ्या लॅबच्या पद्धती वेगळ्या असतात. एकीकडे १८ आणि दुसरीकडे २४ आला, तर तो फरक आजाराचा असेलच असं नाही. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासावं असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी.

पूर्वी आजार उरलाय का हे बघण्याचा मार्ग याहून कितीतरी कठोर होता. १९७० आणि ८० च्या दशकांत केमो संपल्यावर अनेक ठिकाणी पोट पुन्हा उघडून आतून पाहणी करत, तुकडे काढून तपासत. त्याला 'सेकंड लुक' म्हणत. पण ज्यांच्या पोटात काहीही सापडलं नाही, त्यांच्यातल्याही जवळजवळ निम्म्या जणींमध्ये आजार पुढे परतला. शिवाय या ऑपरेशनमुळे आयुष्य वाढतं असंही दिसलं नाही. हळूहळू ती पद्धत मागे पडली. पोट उघडण्यापेक्षा दंडातून थोडं रक्त काढणं बरं, यात शंका नव्हती. पण मूळ प्रश्न तिथेच राहिला. आजार परतल्याचं आधी कळलं तर बाई जास्त जगते का?

या प्रश्नाला भिडायचं धाडस ब्रिटनमधल्या गॉर्डन रस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. लक्षणं दिसण्याच्या काही महिने आधी सीए-१२५ चढायला लागतो हे तोवर माहीत झालं होतं. मग तेवढे महिने आधी केमो सुरू करावी, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. रस्टिन यांना ते सिद्ध झालेलं हवं होतं.

१९९६ पासून ब्रिटनसह अनेक देशांतल्या १,४४२ बायका त्यांच्या अभ्यासात सामील झाल्या. सगळ्यांची पहिली केमो पूर्ण झालेली होती आणि सीए-१२५ नॉर्मलवर आलेला होता. दर तीन महिन्यांनी रक्त घेतलं जाई, पण निकाल ना त्यांना कळे, ना त्यांच्या डॉक्टरांना. आकडा वरच्या मर्यादेच्या दुपटीवर गेला की चिठ्ठी काढल्यासारखी निवड होई. अर्ध्या जणींच्या डॉक्टरांना निकाल कळवून लगेच केमो सुरू करत. उरलेल्या अर्ध्या जणींबद्दल काहीही न सांगता, त्यांना खरोखर त्रास सुरू होईपर्यंत थांबत. अशी निवड ५२९ जणींची झाली.

आकडा पाहून उपचार घेणाऱ्यांची केमो सरासरी ४.८ महिने आधी सुरू झाली. त्या जगल्या निवडीपासून २५.७ महिने. लक्षणांची वाट पाहणाऱ्या जगल्या २७.१ महिने. म्हणजे फरक नव्हताच. फरक पडला तो वेगळ्या गोष्टीत. लवकर केमो घेणाऱ्यांची तब्येत, उत्साह, रोजचं जगणं ३.२ महिन्यांत खालावलं, तर थांबलेल्यांचं ५.८ महिन्यांनी. पहिल्या गटाच्या वाट्याला केमो जास्त आली आणि धडधाकट महिने कमी आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत मांडले गेले आणि २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापले.

हा निकाल पचवणं सोपं नव्हतं. "लवकर निदान, लवकर उपचार" हे आपण आरोग्याच्या प्रत्येक भिंतीवर वाचत आलो आहोत, आणि पहिल्यांदा होणाऱ्या अनेक कॅन्सरबाबत ते खरंही आहे. पण पसरून परतलेला अंडाशयाचा कॅन्सर बहुतेक वेळा पूर्ण बरा होत नाही, तो वेळोवेळी औषधांनी काबूत ठेवावा लागतो. तिथे एक औषध पाच महिने आधी वापरून संपवल्याने शेवट पुढे जात नाही. सवय मात्र तर्कापेक्षा चिवट असते. अमेरिकेतल्या सहा मोठ्या कॅन्सर केंद्रांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असं दिसलं की रस्टिन यांच्या निकालानंतरही तिथे सीए-१२५ पूर्वीइतक्याच वेळा तपासला जात होता.

तरी या एका अभ्यासाने विषय संपला असं मानणं चुकीचं होईल. त्यातल्या बायकांवर उपचार झाले ते नव्वदच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या औषधांनी, आणि आजार परतल्यावर दुसरं ऑपरेशन तेव्हा क्वचितच होई. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेस्कटॉप-थ्री या अभ्यासाने वेगळी बाजू दाखवली. केमोनंतर सहा महिन्यांहून अधिक काळाने आजार परतला, प्रकृती चांगली आहे, पहिल्या ऑपरेशनमध्ये सगळा आजार निघाला होता आणि पोटात फारसं पाणी नाही, अशा ४०७ निवडक बायका त्यात होत्या. दुसरं ऑपरेशन आणि केमो घेणाऱ्या सरासरी ५३.७ महिने जगल्या, फक्त केमो घेणाऱ्या ४६ महिने. जिथे दिसणारा सगळा आजार काढता आला, तिथे हा काळ ६१.९ महिन्यांवर गेला. त्याआधीच्या एका अमेरिकी अभ्यासात असा फायदा दिसला नव्हता, त्यामुळे बाई कशी निवडली आणि ऑपरेशन कुणी केलं याला इथे मोठं महत्त्व आहे. पण गाठ एक-दोनच असताना सापडली तर ती काढण्याची संधी असते, हा मुद्दा नाकारता येत नाही.

म्हणून सीए-१२५ तपासायचा की नाही, याचं उत्तर आता प्रत्येक बाईबरोबर बसून शोधावं लागतं. दुसऱ्या ऑपरेशनचा विचार होऊ शकेल अशी जी आहे, तिला तपासण्यात अर्थ आहे. जिला आकड्याशिवाय झोप येत नाही, तिलाही तो नाकारू नये. आणि जी रिपोर्टच्या आधीचे आठ दिवस जेवत नाही, सणावारालाही मन लागत नाही, तिने "मला नको" म्हटलं तर तोही पुराव्याला धरून घेतलेला निर्णय आहे. यात हयगय मुळीच नाही. दुर्दैवाने आपल्याकडे हे विचारलं जात नाही. तीन महिने झाले की चिठ्ठीवर तपासणीचं नाव येतं आणि कुणीतरी लॅबकडे निघतं. ही चर्चा केमो संपताना एकदा शांतपणे व्हायला हवी, नवरा, मुलं आणि डॉक्टर यांच्यासमोर, आणि शेवटचा शब्द बाईचा असायला हवा.

तपासत असाल तर एकच आकडा पाहून घाबरू नये. तज्ज्ञांच्या निकषानुसार नॉर्मलवर आलेला आकडा ३५ च्या दुपटीवर, म्हणजे ७० वर जावा लागतो, आणि किमान आठवडाभराच्या अंतराने तो पुन्हा तसाच दिसावा लागतो. दुसरीकडे, ८ वरून १५ आणि १५ वरून २६ असा दर वेळी चढणारा क्रम ३५ च्या खाली असला तरी डॉक्टरांना दाखवण्यासारखा असतो. सीटी स्कॅन नेमाने दर काही महिन्यांनी करण्याची गरज बहुतेक जणींना नसते. लक्षणं, तपासणी किंवा चढता आकडा यांपैकी काही असेल तेव्हा तो करायचा. काही मिलिमीटरच्या गाठी पोटाच्या अस्तरावर विखुरलेल्या असतील तर सीटीच्या नजरेतूनही त्या सुटतात.

भेटी साधारणपणे अशा ठरतात: पहिली दोन वर्षं दर दोन ते चार महिन्यांनी, पुढची तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. या भेटीत सर्वांत मोलाचं असतं ते बोलणं. त्यानंतर मान, काख, जांघ आणि पोट चाचपणं, आणि आतून तपासणी. ही आतली तपासणी अनेक जणींना नकोशी वाटते. "गर्भपिशवी काढलीय, आता आत काय बघायचं?" असं त्या म्हणतात. पण योनीच्या वरच्या टोकाशी आणि गुदाशयाच्या पुढच्या बाजूला आजार परतू शकतो आणि तो बोटांना लागतो. बाई डॉक्टर हवी, सोबत बहीण किंवा सिस्टर हवी, असं मोकळेपणाने सांगावं.

दोन भेटींच्या मधल्या काळात लक्ष ठेवायचं ते पोटावर. साडी-परकराची नाडी घट्ट व्हायला लागली, दोन घासांत पोट भरल्यासारखं झालं, ओटीपोटात दुखतंय, वारंवार लघवीला जावं लागतंय, शौचाची सवय बदलली, एक पाय सुजला, धाप लागतेय, यांपैकी काही नवं सुरू झालं आणि दोनेक आठवडे हटलं नाही, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. पाय अचानक सुजला किंवा धाप अचानक लागली तर रक्ताची गुठळीही असू शकते, तेव्हा त्याच दिवशी दाखवावं. कळा मारत पोट दुखणं, उलट्या आणि वारा न सरणं हे तर तातडीने दवाखाना गाठण्याचं लक्षण आहे. जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटून अडकली असतील, किंवा आजार असेल. दोन्हीत वेळ दवडून चालत नाही.

देखरेख म्हणजे फक्त कॅन्सर शोधणं असं धरलं की बाई स्वतः मागे राहते. पॅक्लिटॅक्सेलने हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते. मुंग्या, बधिरपणा, तळव्यांची आग. ब्लाउजचे हुक लागत नाहीत, मोदकाच्या कळ्या पडत नाहीत, पायातून चप्पल निसटलेली कळत नाही. बहुतेक जणींमध्ये हे काही महिन्यांत, वर्षभरात कमी होतं, काहींमध्ये थोडं कायम राहतं. सिसप्लॅटिन घेतलेल्यांमध्ये ते औषध थांबल्यावरही काही महिने वाढू शकतं, आणि हे आधी सांगितलं नसेल तर बाईला वाटतं की आजारच वाढतोय. दुखरेपणासाठी ड्युलॉक्सेटिन या गोळीचा उपयोग सिद्ध झाला आहे. बाकी व्यायाम, घरातही पक्की बसणारी चप्पल, रात्री बाथरूममध्ये दिवा आणि गरम भांडं उचलताना कापड, ही काळजी घरच्यांनीही घ्यायची असते.

चाळिशीच्या आतबाहेरच्या बाईची दोन्ही अंडाशयं एकाच दिवशी निघाली की पाळी थांबण्याचा सगळा धक्का एकदम बसतो: अंगातून वाफा, झोपमोड, कोरडेपणा, शरीरसंबंधात दुखणं आणि हाडं ठिसूळ होत जाणं. हार्मोनच्या गोळ्या सरसकट वर्ज्य नसतात, मात्र गाठीचा प्रकार पाहून ते ठरतं. काही प्रकारांत त्या टाळल्याच जातात. डेक्सा स्कॅन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि चालणं यांची आठवण कुणीतरी करून द्यायला हवी. केमोसाठी छातीवर बसवलेलं पोर्ट अजून असेल तर ठरल्या वेळी ते धुऊन घ्यावं लागतं, नाहीतर काढून टाकावं लागतं. विस्मरण, थकवा, उदासी हेही सांगण्यासारखेच त्रास आहेत.

अलीकडे अनेक जणींची केमो संपते तिथे गोळ्या सुरू होतात. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या बायकांवर झालेला सोलो-वन हा ओलापारिबचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे आलेल्या आकडेवारीत दोन वर्षं गोळी घेतलेल्यांपैकी ६७ टक्के सात वर्षांनंतर हयात होत्या, तर न घेतलेल्यांपैकी ४६.५ टक्के. या आजारात एवढा फरक दुर्मीळ आहे. त्याची किंमत म्हणजे मळमळ, थकवा आणि रक्त कमी होणं. म्हणून पहिलं वर्षभर दर महिन्याला सीबीसी करावा लागतो, निरापारिब ही तशीच दुसरी गोळी असेल तर सुरुवातीला दर आठवड्याला. क्वचित अस्थिमज्जेचा गंभीर आजार होऊ शकतो. त्यामुळे गोळ्या संपल्यावरही हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट विनाकारण घसरत असतील तर त्याकडे काणाडोळा करू नये.

बीआरसीए जनुकाची तपासणी झाली नसेल तर केमोनंतरही करता येते, आणि ती फक्त तिच्यासाठी नसते. दोष निघाला तर तो मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी. तिच्या स्वतःच्या स्तनांवर लक्ष ठेवावं लागतं आणि बहिणी, मुली, भाच्या यांना वेळेत सावध करता येतं. लग्नाच्या मुलीचं नाव निघेल या भीतीने अनेक घरांत हा रिपोर्ट कपाटात पडून राहतो. ती भीती समजण्यासारखी आहे, पण पस्तिशीतल्या मुलीला तिचा धोका माहीत नसणं हे त्याहून मोठं नुकसान आहे.

वर सांगितलेलं सारं नेहमीच्या, अस्तरातून उगवणाऱ्या कॅन्सरबद्दल. तरुण मुलींमध्ये होणाऱ्या जर्म सेल गाठी वेगळ्या. त्या बऱ्याच वेळा पूर्ण बऱ्या होतात आणि तिथे एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच पाहतात. त्यांच्या केमोत ब्लिओमायसिन असेल तर पुढे कधीही भूल घेताना ते सांगायला हवं, कारण त्याचा परिणाम फुप्फुसांवर होतो आणि भूलतज्ज्ञ प्राणवायूचं प्रमाण त्यानुसार ठरवतात. ग्रॅन्युलोसा गाठी दहा-वीस वर्षांनीही परततात, त्यामुळे तिथे देखरेख आयुष्यभराची असते आणि इनहिबिन हा आकडा महत्त्वाचा.

परळच्या टाटा हॉस्पिटलात तपासणीला विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून बायका येतात. रेल्वेची कॅन्सर रुग्णांसाठीची सवलत उपचाराप्रमाणेच अशा तपासणीच्या प्रवासालाही लागू आहे. एका सोबत्यालाही ती मिळते. मधल्या भेटींपैकी काही गावाजवळच्या डॉक्टरांकडे करता येतील का, रक्त तिथेच तपासून रिपोर्ट फोनवर पाठवता येईल का, हे विचारावं. पण जवळच्या डॉक्टरांना काही करायचं तर त्यांना मागचं कळायला हवं. फाईलमध्ये सर्वांत वर असाव्यात अशा गोष्टी मोजक्याच आहेत: गाठीचा प्रकार आणि टप्पा, ऑपरेशनमध्ये सगळा आजार निघाला की काही उरला, केमोची औषधं, निदानाच्या आणि केमो संपतानाच्या सीए-१२५ चे आकडे, जनुकाचा रिपोर्ट, आणि कार्बोप्लॅटिनच्या शेवटच्या सलाईनची तारीख. आजार परतलाच तर डॉक्टर पहिल्यांदा ही शेवटची तारीख विचारतात. तेव्हापासून सहा महिने उलटले असतील तर तेच औषध पुन्हा चालण्याची आशा असते, आणि त्याआधीच परतला असेल तर दुसरं शोधावं लागतं.